दाव्याचा प्रकार ठरवून देणारे टेबल : नाशिकमधील एका ई-फायलिंग केंद्राचे परीक्षण

नाशिकला सीबीएसकडून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाकडून, मेहेर सिग्नलच्या दिशेने जाताना जिल्हा न्यायालयाच्या आसपास टायपिंग, झेरॉक्स, नोटरी आणि मुद्रांक विक्रीची जी दाटी आहे, तिच्यात अलीकडे ‘ई-फायलिंग करून मिळेल’ अशा पाट्यांची भर पडली आहे. यांतील बहुतेक ठिकाणी कागद स्कॅन करून पोर्टलवर चढवणे एवढेच काम होते आणि त्यासाठी कोणते दुकान निवडावे याला फारसे महत्त्व नाही. मात्र एका केंद्रात संगणकाशेजारी न्यायालयाच्या सेवेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसतात आणि त्यांच्या टेबलावरून पुढे सरकल्याशिवाय कोणताही कागद स्कॅनरपर्यंत जात नाही. वकील त्यांना काका म्हणतात. दाव्याचा प्रकार ठरवणे हे त्यांचे काम असून या परीक्षणाचा विषयही तेवढाच आहे. गुणांबरोबर काही गंभीर उणिवाही लिहायच्या असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही.

ज्यांचा न्यायालयाशी संबंध आलेला नाही, त्यांना प्रकार ठरवणे ही कारकुनी बाब वाटण्याचा संभव आहे. पोर्टलवर आधी जिल्हा आणि न्यायालयाची आस्थापना, म्हणजे कागद नेमक्या कोणत्या न्यायालयात जायचा ते, निवडावे लागते, त्यानंतर त्या आस्थापनेला लागू असलेल्या प्रकारांची यादी उघडते. यादी आद्याक्षरांची आणि इंग्रजी वळणाची असते. रेग्युलर दिवाणी दावा, स्पेशल दिवाणी दावा, किरकोळ दिवाणी अर्ज, दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज), अपील असे दिवाणी बाजूचे प्रकार वकिलांच्या बोटांवर असतात. कौटुंबिक न्यायालयाची यादी मात्र ए, बी, सी, डी, ई अशा अक्षरांनी चालते आणि अक्षराच्या मागे कोणता कायदा उभा आहे हे पडद्यावर पाहून कळत नाही. आस्थापनाच चुकीची निवडली तर योग्य प्रकार यादीत दिसतच नाही, आणि मग माणूस त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा प्रकार निवडून मोकळा होतो. न्यायालयाच्या छाननीत निघणाऱ्या बहुतेक हरकतींचा उगम इथेच असतो.

काका पहिल्यांदा वादपत्राचे, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जाचे, शेवटचे पान मागतात. मजकूर कितीही लांबलचक असला तरी विनंतीच्या परिच्छेदात न्यायालयाकडे नेमके काय मागितले आहे, कोणाविरुद्ध मागितले आहे आणि कोणत्या कायद्याखाली मागितले आहे, या तीन गोष्टी ते एका वहीत पेन्सिलीने लिहून घेतात आणि मगच संगणकावरच्या मुलाला आस्थापनेचे नाव सांगतात. शीर्षकात पक्षकाराने किंवा वकिलाने काय लिहिले आहे याला ते सुरुवातीला किंमत देत नाहीत. माझ्या मते या केंद्राचे सारे मोल या पद्धतीत आहे.

एक प्रसंग जवळून पाहिला, तो सांगतो. एक बाई ‘घराचा दावा’ लावायचा म्हणून आल्या होत्या. त्यांनी वकील दिला नव्हता. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे त्या न्यायालयात वकिलामार्फत उभे राहणे हा पक्षकाराचा हक्क नसल्यामुळे अनेक जण तिथे स्वतःच कागद घेऊन जातात. गंगापूर रोडवरची सदनिका पती-पत्नी दोघांनी कर्ज काढून घेतलेली होती आणि बाईंना आपला हिस्सा वेगळा करून हवा होता. शेजारच्या एका दुकानाने त्यांना किंमत पाहून स्पेशल दिवाणी दावा असे लिहून दिले होते. काकांनी विचारले, “ताई, खरेदीखतावर नावे कोणाकोणाची? सासऱ्यांचे आहे का त्यात?” नाही म्हटल्यावर त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि वहीत ‘बी’, म्हणजे कौटुंबिक न्यायालयातील मालमत्तेच्या वादाची याचिका, असे लिहिले. अधिनियमाच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात विवाहातील पक्षकारांच्या मालमत्तेविषयीचे वाद कौटुंबिक न्यायालयाकडे सोपवलेले आहेत आणि कलम ८ प्रमाणे जिथे असे न्यायालय आहे तिथे त्या वादांपुरता जिल्हा व दुय्यम दिवाणी न्यायालयांचा अधिकार उरत नाही. घटस्फोट झाल्यानंतरही असा वाद कौटुंबिक न्यायालयातच जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली के. ए. अब्दुल जलील यांच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

घर सासऱ्यांच्या नावावर असते तर उत्तर बदलले असते, आणि तेही काकांनी बाईंना समजावून सांगितले. मालकी हक्क सासऱ्यांविरुद्ध मागायचा असेल तर तो दिवाणी दावा होतो. केवळ तिथे राहण्याचा हक्क हवा असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची वाट आहे, कारण सामायिक निवासाचे घर पतीच्या नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी तो हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात म्हटले आहे. एकाच घराविषयीची तक्रार मागणीनुसार तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाते, हे पक्षकाराला इतक्या सोप्या शब्दांत सांगणारे दुकान मला नाशिकमध्ये दुसरे आढळलेले नाही. न्यायालय शुल्काच्या रकान्याकडे वळताना त्यांनी १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेची आठवणही करून दिली. पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिला पक्षकाराला न्यायालय शुल्क माफ आहे आणि ही बाब दाखल करतानाच नमूद करावी लागते. पुष्कळ ठिकाणी ग्रास या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून शुल्क भरून झाल्यावर कोणाला तरी हे आठवते.

पोटगीच्या बाबतीत गोंधळ सर्वांत जास्त होतो, आणि या केंद्राची खरी परीक्षाही तिथेच होते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ खाली पत्नीने किंवा मुलांनी निर्वाह मागितला तर ती सी याचिका होते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालची मागणी ई याचिकेत येते. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खालची अंतरिम पोटगी ही स्वतंत्र याचिका नसते; घटस्फोटाची किंवा नांदायला येण्याची जी ए याचिका चालू असेल, तिच्यातच तो अर्ज द्यायचा असतो. कलम २४ चा अर्ज नवीन प्रकरण म्हणून चढवून ठेवणारे दुकानदार मी पाहिले आहेत. काका तो परत करतात आणि मूळ याचिकेचा क्रमांक आणायला सांगतात. शिवाय पोटगीच्या प्रत्येक कागदाबरोबर ते मालमत्ता आणि दायित्वे यांचे शपथपत्र जोडले आहे का, हे पाहतात. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने ते दोन्ही बाजूंना बंधनकारक केले आहे आणि आधीच्या पोटगीच्या प्रकरणांची माहिती देण्याची जबाबदारीही अर्जदारावर टाकली आहे. एकाच वेळी सी, ई आणि दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज असे तीन कागद घेऊन येणाऱ्यांना काका हे आधीच सांगतात, ही गोष्ट मला विशेष आवडली.

मुलांच्या बाबतीत एक सूक्ष्म फरक आहे, तोही इथे पाळला जातो. अज्ञान मुलाचा ताबा, भेट किंवा त्याच्या व्यक्तीचे पालकत्व हे विषय कौटुंबिक न्यायालयात डी याचिकेने जातात. मुलाच्या नावावरची जमीन विकण्यासाठी परवानगी हवी असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ खाली दिवाणी बाजूला किरकोळ अर्ज करावा लागतो, कारण कौटुंबिक न्यायालयाकडे व्यक्तीच्या पालकत्वाचा विषय आहे, मालमत्तेच्या पालकत्वाचा नाही. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील मुलाच्या अविभक्त हिश्शासाठी तर ही परवानगीच लागत नाही. निफाडहून आलेल्या एका शेतकऱ्याला हे ऐकून सगळा अर्ज खिशात घालून परत जाताना मी पाहिले. केंद्राचे त्या दिवसाचे उत्पन्न तेवढे बुडाले असेल, पण अशा माणसामुळेच उद्या दहा गिऱ्हाइके येतात. हद्दीचा प्रश्न त्याच ओघात येतो. कौटुंबिक न्यायालयाच्या स्थानिक हद्दीबाहेरच्या तालुक्यांत हिंदू विवाह याचिका दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे दाखल होते आणि तिथे ए, बी, सी ही अक्षरे चालत नाहीत. म्हणून पत्ता लिहून घेतल्याशिवाय काका अक्षर सांगत नाहीत.

दिवाणी बाजूला पहिला प्रश्न मूल्यांकनाचा, म्हणजे दाव्याचे मूल्य किती धरायचे याचा, असतो. महाराष्ट्र दिवाणी न्यायालये अधिनियमाप्रमाणे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांची मर्यादा ५ लाख रुपये आहे. त्याच्या आत रेग्युलर दावा, त्याच्या वर वरिष्ठ स्तराकडे स्पेशल दावा. सांगायला हे दोन ओळींत संपते. परंतु मूल्यांकन म्हणजे बाजारभाव असे समजणाऱ्यांची इथे फसगत होते. आकारणी असलेल्या शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात शुल्कासाठीचे मूल्य महसुली आकाराच्या पटीत काढले जाते, त्यामुळे दिंडोरीच्या बाजूची कोट्यवधींची द्राक्षबाग कनिष्ठ स्तरासमोर रेग्युलर दावा म्हणून उभी राहू शकते, आणि त्याच मालकाचा पंचवटीतला लहानसा गाळा मात्र स्पेशल दावा होतो. केंद्रातील मुलाकडे सातबाऱ्यावरचा आकार आणि मागितलेली दाद भरली की शुल्काचा अंदाज देणारा एक तक्ता आहे. तो बहुतांश बरोबर असतो, पण मालकी जाहीर करून मागण्याच्या दाव्याला मालकी हक्कावर ताबा मागणाऱ्या दाव्याच्या शुल्काचा चौथा हिस्सा लागतो ही तरतूद लावताना तो मुलगा अडखळतो आणि काकांना हाक मारतो. भाडेकरू आणि मालक यांच्या वादात, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ३३ मुळे, रकमेकडे न पाहता न्यायालय ठरते, हे मात्र त्याला पाठ आहे.

किरकोळ दिवाणी अर्ज हा प्रकार अडगळीच्या खोलीसारखा वापरला जातो आणि त्यात वारसांचे अर्ज सर्वाधिक असतात. मुंबई विनियम ८, १८२७ खालचा वारस दाखला आणि भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३७२ खालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र हे दोन्ही या एकाच प्रकारात नोंदले जातात, परंतु कायद्याचा रकाना चुकला तर बँक किंवा कंपनी शेवटी हातात आलेला कागद नाकारते. दुसरे प्रमाणपत्र येणे आणि रोखे यांच्यापुरते असते, स्थावर मिळकत त्यात बसत नाही. काका विचारतात, “हा कागद तुम्हाला कोणाच्या टेबलावर ठेवायचा आहे?” बँक म्हटले तर ते एक सांगतात, सातबाऱ्यावर नाव लावायचे आहे म्हटले तर न्यायालयात येण्याआधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज केला होता का, असे विचारतात. हा प्रश्न पुष्कळांचा खर्च वाचवतो.

आता उणिवांकडे. या केंद्राचा सर्वांत मोठा दोष वाणिज्यिक दाव्यांच्या बाबतीत आहे आणि तो किरकोळ नाही. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखानदाराचे जॉबवर्कचे बिल थकले होते; मुद्दल २ लाख ८० हजार रुपये आणि त्यावरचे व्याज. केंद्राने ५ लाखांच्या आतली रक्कम पाहून रेग्युलर दावा म्हणून तयारी केली. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ मध्ये २०१८ च्या दुरुस्तीनंतर निर्दिष्ट मूल्य ३ लाख रुपये आहे, पैशाच्या दाव्यात दाखल करण्याच्या तारखेपर्यंतचे व्याज त्यात धरले जाते आणि सेवा पुरवण्याचा करार हा वाणिज्यिक वादाच्या व्याख्येत येतो. व्याज मिळवताच हा दावा ३ लाखांच्या पुढे जात होता. याचा परिणाम फक्त न्यायालय बदलण्यापुरता नाही. तातडीची अंतरिम दाद मागितलेली नसेल तर कलम १२ए प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी करून पाहावी लागते, आणि पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही अट सक्तीची ठरवून २० ऑगस्ट २०२२ पासून ती न पाळलेले वादपत्र फेटाळण्यास पात्र ठरवले आहे. लेखी कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या उत्तराची, मुदतही इथे जास्तीत जास्त १२० दिवसांची, आणि ती न्यायालयाला वाढवता येत नाही. पक्षकाराच्या वकिलांनी स्कॅनिंग सुरू होण्याआधी हे लक्षात आणून दिले म्हणून निभावले. काकांची सेवा ज्या काळात झाली त्या काळात हा प्रकार नव्हता, हे कारण समजण्यासारखे आहे. पैसे घेणाऱ्या केंद्राला ते पुरेसे नाही. व्यापारी व्यवहारातील दावा असेल तर प्रकार स्वतः ठरवून मगच तिथे जावे, असे मी म्हणेन.

दुसरी उणीव वरवर क्षुल्लक दिसते, पण मला ती अधिक खटकते. वकील नसलेल्या पक्षकाराची नोंदणी करताना घाईच्या वेळी केंद्राचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकण्याची सवय तिथल्या मुलांना आहे, कारण त्यामुळे ओटीपीसाठी थांबावे लागत नाही. पुढे हरकत निघाली की तिचा संदेश केंद्राकडे येतो, पक्षकाराकडे जात नाही, आणि हरकत दूर करण्याचे दिवस निघून जातात. प्रकरण स्वीकारले जाईपर्यंत ई-फायलिंगचा क्रमांक असतो, त्यानंतर सोळा अंकाक्षरांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, मिळतो, नाशिकचा असेल तर तो एमएचएनएसने सुरू होतो, आणि छाननीनंतर नोंदणी क्रमांक पडतो. यांपैकी पहिला क्रमांक हाती आला की प्रकरण लागले असे पक्षकार समजतो. केंद्राने पावतीवर हे तीन रकाने छापलेले आहेत, पण शेवटचे दोन रिकामे ठेवून पावती दिली जाते आणि ते नंतर कोणी भरायचे, हे कोणी सांगत नाही. आपला स्वतःचा क्रमांक टाकून घ्यावा आणि ई-स्वाक्षरीचा आधार ओटीपी स्वतःच्या हाताने भरावा.

ई याचिकांच्या त्यांच्या नमुन्यात काही काळापूर्वीपर्यंत जुन्या संहितेचे कलम १२५ तसेच राहिलेले मी पाहिले आहे. सांगितल्यावर दुरुस्त झाले. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणणाऱ्यांचा कागद ते युनिकोडमध्ये बदलून देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात, मात्र बदलताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, म्हणून मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा पुन्हा वाचून घ्याव्यात. जागा अगदीच अपुरी आहे. घटस्फोटाच्या याचिकेतील कारणे शेजारी झेरॉक्ससाठी उभ्या असलेल्या चार माणसांच्या देखत मोठ्याने वाचली जातात, आणि ज्या बाईच्या आयुष्यातील ती कारणे असतात ती खाली मान घालून उभी असते. निदान या कागदांपुरते तरी आतल्या बाजूला एक टेबल टाकणे त्यांना परवडण्यासारखे आहे. दर पाटीवर लिहिलेले आहेत, पावती मागावी लागते, सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या दिवशी जाऊ नये.

प्रकार चुकला तर पुढे काय होते, हे लक्षात घेतल्याशिवाय या केंद्राच्या शुल्काची तुलना इतर दुकानांशी करता येणार नाही. अधिकार नसलेल्या न्यायालयात दावा गेला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १० प्रमाणे वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिले जाते. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १४ मुळे चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ वजा मिळू शकतो, पण सद्भावनेने आणि योग्य दक्षतेने तिथे गेलो होतो हे पक्षकाराला दाखवावे लागते, आणि ‘दुकानदाराने सांगितले’ ही दक्षता कितपत मानली जाईल याची खात्री कोणी देऊ नये. निशाणी ५ वर, म्हणजे दाव्याबरोबरच्या अंतरिम अर्जावर, मनाई हुकूम मागायचा असेल तर परत फिरण्यातला हा वेळच घातक ठरतो. तोवर समोरचा भिंत बांधून मोकळा होतो.

म्हणून माझे मत असे आहे की विवाह, पोटगी, ताबा, वारस आणि शेतजमीन या विषयांवरील कागद असतील तर स्कॅनिंग आणि टायपिंग दुसरीकडे स्वस्तात होत असले तरी प्रकार ठरवण्यासाठी या टेबलावर जावे आणि त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. डिक्रीची दरखास्त लावायची असेल तरीही चालेल, ती तिथे नीट होते. जाताना शेवटच्या पानावर कायदा आणि कलम स्पष्ट लिहिलेले असावे, मिळकतीचा उतारा चालू तारखेचा असावा आणि विवाहाच्या प्रकरणात दोघे शेवटचे कुठे एकत्र राहत होते तो पत्ता पुराव्यासह असावा. काका तो विचारणारच. ते साधारण अकराच्या आधी आणि दुपारच्या सुट्टीनंतर भेटतात. ते नसतील त्या दिवशी मुलगा यादी पाहून अंदाजाने प्रकार लावतो, तेव्हा टेबल रिकामे दिसल्यास कागद न देता परत यावे.